कुलूप ओढून पाहणारा

दुकानाचे शटर खाली ओढायचे, कुलूप लावायचे, किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकायची आणि समोरच्या कडुनिंबापर्यंत जाऊन थांबायचे. तिथून परत यायचे, वाकून ते कुलूप एकदा ओढून पाहायचे आणि कुणालाही न उद्देशून विचारायचे, "हाय न्हवं?" मग स्वतःच उत्तर द्यायचे, "हाय." एवढे झाले की तो गाडीला लाथ मारून कुंभारीकडे, घरी निघे. सायंकाळी देवळातून परतताना मी हा विधी इतक्या वेळा पाहिला होता की कुलपाचा तो लहानसा खडखडाट कानी पडल्यावाचून माझा दिवस पुरा होत नसे.

तुमच्याही गल्लीत असा एखादा मनुष्य असेल. गॅस बंद केला का हे पाहायला अर्ध्या वाटेतून फिरणारा, नळाला पाणी येण्याचा दिवस चुकेल म्हणून आदल्या दिवसापासून घागरी मांडून बसणारा. आपण अशांना हसतो. मीही हसत असे. त्याची खरी चीजवस्तू ज्या कुलपात होती ते हाताने ओढून पाहता येण्यासारखे नव्हते, हे मला फार उशिरा कळले.

माझे आयुष्य पाठशाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर हाताने लिहून ठेवलेले विवरण छापावे असे मनात आले, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या त्याच्या संगणकाच्या दुकानाची पायरी मी प्रथम चढलो. दाखले, परीक्षांचे अर्ज, निकाल अशी कामे तिथे चालत. माझे अक्षर लावताना तो कागद डोळ्यांशी नेऊन विचारी, "गुरुजी, हे टिंब हाय न्हवं? का माशी बसलीया?" टिंब असले तर तो मनापासून सुटकेचा श्वास टाकी. प्रत्येक अनुस्वार जागेवर आहे याची इतकी काळजी माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी केली नव्हती.

त्या दुकानाच्या भिंतीवर एक रिकामी लाकडी मांडणी होती. तिच्यावर काही का ठेवत नाहीस, असे मी एकदा विचारले.

"तितं गेम व्हते, गुरुजी. डिस्का. एकेकाळी सांजच्याला हितं पाय ठेवाय जागा नसायची." त्याने मांडणीवरची धूळ बोटाने पुसली. "आता गेम इंटरनेटच्या दुकानात गेले. तितंच बघायचं, तितंच घ्यायचं, तितनंच उतरवून खेळायचं."

"म्हणजे वस्तू असते कुठे?"

"त्यांच्याकडं."

"आणि तुझ्याकडे?"

"माझ्याकडं पासवर्ड."

"मग तू विकत काय घेतलेस?"

त्याने डोके खाजवले. "त्योच तर घोर हाय."

हा घोर त्याच्या एकट्याचा नव्हता. संध्याकाळी त्याचे दोन मित्र येत आणि तिघांची सभा भरे. एक श्रीनिवास. हा शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरचा, बोलणे घरी तेलुगू, बाहेर मराठी. टॉवेलच्या कारखान्यात संगणकावर नक्षी काढण्याचे काम करी. दुसरा रफीक. पलीकडच्या चौकात त्याचे दुचाक्या दुरुस्त करण्याचे दुकान होते, आणि हाताला तेल लागलेले असल्यामुळे तो नेहमी दारातच उभा राही. दोघेही गेम खेळणारे, आणि त्या अदृश्य दुकानांविषयी दोघांची मते दोन ध्रुवांवर.

श्रीनिवास म्हणे, "अरे, एका डिस्कसाठी आपण पुण्याला जायचो. आणून एक ओरखडा पडला की संपलं. आता मशीन जळू दे, नवीन आणा, सगळे गेम परत. दिवाळीला सेल वेगळा. आणखी काय पाहिजे तुला?"

"हौ, परत," रफीक दारातून म्हणे. "उनो देंगे तब तक. कल नक्को बोले तो? मेरा पाना मेरे हात में है. तेरा गेम किसके हात में है, वो बोल."

"तुझा पाना गंजतो."

"गंजू दे. गंजला तरी माझाच."

मग दुसऱ्या दुकानांचा विषय निघे. एक दुकान दर आठवड्याला एखादा गेम फुकट देई. श्रीनिवास तो न चुकता घेई आणि कधीच खेळत नसे. रफीक त्याला "लंगरचा मेंबर" म्हणे. आणखी एक दुकान असे होते की जे गेम बिनकुलपाचे देई. एकदा उतरवून घेतला की तो खरोखर तुमचा. ते दोघांनाही पसंत होते, परंतु तिथे हवा तो गेम कधी मिळत नसे. पाठशाळेतल्या वादसभांची मला आठवण होई. तिथेही दोन्ही पक्ष बरोबर असत आणि मध्ये बसलेल्याची झोप जाई.

इथे मध्ये बसलेला म्हणजे आमचा हा दुकानदार. श्रीनिवास बोलला की त्याची मान हले, रफीक बोलला की तितकीच हले. त्यामुळे दोघांच्या वाट्याची धास्ती तो एकटाच वाहत असे. सकाळी उदबत्ती ओवाळून झाली की तो पडद्यावर आपल्या गेमची यादी उघडी आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवी. "हाय न्हवं? हाय." मग पहिल्या गिऱ्हाइकाकडे वळे.

यादीतल्या एका नावावर त्याचे बोट जरा अधिक रेंगाळे. त्याचे कारण मला एका दुपारी समजले.

त्याची बायको सांगोल्याकडची, मेंढपाळांच्या घरातली. लग्न होऊन ती कुंभारीच्या कामगार वसाहतीत आली. दोन खोल्या आणि पुढे हातभर ओटा. दुपारी ती डबा घेऊन दुकानात येई आणि गर्दी असली तर अर्ज भरायला हात लावी. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हते. ती कोपऱ्यातल्या संगणकापुढे बसली होती आणि पडद्यावर हिरव्या उतारावर मेंढ्या चरत होत्या.

"हे काय चालले आहे?" मी विचारले.

"माजी मेंढरं," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "ही भुरी. ही काळतोंडी. अन् ती सारखी मागं ऱ्हाती न्हवं, ती आत्याबाई."

"सासूबाईंना हे नाव ठाऊक आहे का?"

"त्यांनीच ठिवलंय. त्यांच्या नणंदंवरनं."

मी हसलो, तसे तिने तक्रारीच्या सुरात पुढे सांगितले, "ज्यानं ह्यो गेम केलाय त्यानं मेंढरू पाहिल्यालं न्हाई, गुरुजी. पावसात असं उघड्यावर हुबं ऱ्हातंय व्हय कुटं? पन चरताना मान हालवतंय, तेवडं मातर खरं हाय."

ती डबा विसळायला मागे गेली तेव्हा तो हळूच म्हणाला, "माहेरी आता कळप न्हाई. चराय रान ऱ्हायलं न्हाई, भावांनी इकून टाकला. एक रिक्षा चालवतोय, एक पुण्यात वॉचमन हाय. कळप इकला त्या दिशी ती जेवली न्हाई. म्हनून म्या हे घेऊन दिलं, सेलमधी. आता तिचा कळप म्हंजी एवडाच." आणि पडद्याकडे पाहून नेहमीचा प्रश्न पुटपुटला. त्याला स्वतःला तो गेम खेळता येत नव्हता. तो फक्त राखण करी.

एकदा सकाळी मी पूजेवरून उठतो तोच तो दारात आला. चेहरा उतरलेला.

"गुरुजी, काढलं."

"काय काढले?"

"मेंढरांचा गेम. दुकानातनं काढलाय. आता कुनालाच इकत मिळनार न्हाई."

मी त्याला बसवले, पाणी दिले. तो गेम करणारी मंडळी बुडाली की त्यांचे दुकानाशी बिनसले, हे कुणाला कळले नव्हते. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना मात्र तो अजून उतरवून घेता येत होता.

"मग तुझे काय गेले?"

"अजून तरी घेता येतोय, असं लिवलंय." तो त्या दोन शब्दांवर अडकला होता. "अजून तरी, गुरुजी. मानसाला असं कुनी सांगतंय का? तुमचं घर अजून तरी तुमचं हाय."

"तिला सांगितलेस?"

"न्हाई. राखणीला मी हाय की."

त्या संध्याकाळच्या सभेत श्रीनिवासने त्याची परोपरीने समजूत घातली. घेतलेला गेम दुकान परत ओढून घेत नाही. मेंढ्यांची सगळी हकिगत, कोणती कुठे आहे, किती मोठी झाली, ही त्यांच्या मोठ्या यंत्रांत जपून ठेवलेली असते. इथला संगणक बिघडला तरी कळप सुखरूप. रफीक त्या दिवशी वाद न घालता दारात हाताचे तेल पुसत राहिला, आणि तेच याला अधिक लागले. त्या दिवसापासून तो कडुनिंबापासून दोनदा परत येऊ लागला.

पुढे त्याच्या छातीत कळा येऊ लागल्या. पुण्याला जाऊन शस्त्रक्रिया करावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. तुम्हाला वाटेल, एवढा काळजीखोर मनुष्य आता पुरता खचला असेल. तसे झाले नाही. छातीविषयी तो चार शब्दसुद्धा बोलला नाही. निघण्याच्या आधीच्या दुपारी मी दुकानात होतो, तेव्हा त्याने बायकोला जवळ बोलावले.

"हे बघ, पासवर्ड सांगतो. ध्येनात ठिव."

"मला नगं."

"अगं, थोडकाच हाय. पाठ हुईल."

"तुमी परत या अन् तुमीच उघडा." तिने डब्याचे झाकण दाबून लावले. "कुलूप तुमचं हाय. तुमीच वढून बघा." आणि ती बाहेर पायरीवर जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून.

त्याने तिच्या पाठीकडे एकदा पाहिले. मग खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाला, "गुरुजी, तुमच्या डोक्यात ठिवू का?"

"माझ्या?"

"कागदावर लिवला तर कुनीबी वाचतंय. मोबाइलमधी ठिवला तर मोबाइल जातोय. तुमच्यात तर पिढ्यान्‌पिढ्या डोक्यातच ठेवत्यात की. तितं चोर शिरत न्हाई."

"अरे, या डोक्याचा तरी काय भरवसा? माझे वय पाहतोस ना?"

"माझ्या छातीपरास बरं हाय," तो म्हणाला.

मी कान पुढे केला. त्याने खाली वाकून माझ्या कानात ती अक्षरे सांगितली. मी आजवर कित्येकांच्या कानात मंत्र सांगितला आहे. माझ्या कानात कुणी काही सांगावे, याचा मुंजीनंतर तो पहिलाच प्रसंग.

त्या अक्षरांना अर्थ असा काही नव्हता. इंग्रजी अक्षरे, काही मोठी, काही लहान, मध्ये आकडे, एक-दोन चिन्हे. अर्थावाचून पाठ करण्याची एकच रीत मला ठाऊक होती, ती लहानपणी गुरूंपुढे बसून शिकलेली. आधी सरळ म्हणायचे. मग शेजारशेजारची दोन दोन जोडून. मग ती जोडी उलटी करून पुन्हा सुलटी. असे केले की प्रत्येक अक्षराला दोन्ही बाजूंचे शेजारी ठाऊक होतात आणि कुणी एकटे हरवत नाही. मोठे अक्षर आले की मी स्वर चढवला आणि हात वर नेला. लहान आले की स्वर उतरवून हात खाली आणला. आकडे संस्कृतात म्हटले. तो समोर बसून पडद्याशी ताडून पाहत होता. पुनःपुन्हा म्हणवून घेतल्यावर त्याच्या कपाळावरची आठी प्रथमच सैल झाली.

"हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, वेदपाठाची रीत अशा कामाला लावणे योग्य का? मी त्याविषयी पुष्कळ विचार केला. ज्या वस्तूवर कुणाचा जीव गुंतलेला आहे ती जपायला आपल्याजवळचे सर्वांत चांगले भांडे काढावे, एवढेच मला सुचले. दुसऱ्या दिवशी पहाटे देवळाच्या ओवरीत मी संध्येनंतर ते म्हणत बसलो असता नेहमी येणाऱ्या एक वृद्ध बाई थांबल्या.

"गुरुजी, हे कुठल्या देवाचं?"

"ते अजून ठरायचे आहे," मी म्हणालो.

"चाल छान आहे. लिहून द्याल का?"

"हे लिहायचे नसते."

त्या हात जोडून पुढे गेल्या.

देवळातून उतरलो तेव्हा त्याचे दुकान उघडे दिसले. इतक्या सकाळी ते कधी उघडत नसे. तो कोपऱ्यातल्या संगणकापुढे एकटाच बसला होता, पडद्याला नाक लावून, एका बोटाने काहीतरी दाबत. मला पाहून घाईने उठला. "सगळीकडनं बाहेर आलो, गुरुजी. हितनं, घरनं, मोबाइलवरनं. आता आत शिरायचं म्हनलं तर तुमच्यावाचून वाट न्हाई." त्याने शटर ओढले, कुलूप लावले, कडुनिंबापर्यंत गेला, परत आला, कुलूप ओढले आणि विचारले. त्या दिवशी स्वतः मात्र उत्तर दिले नाही. माझ्याकडे पाहत राहिला. मी "आहे" म्हणालो. मग तो गेला.

पुण्याहून तो परत आला नाही.

दिवसकार्य झाल्यावर दुकान आवरायला म्हणून आम्ही जमलो. बायको पायरीवर बसून काळवंडलेली समई चिंचेने घासत होती. आत श्रीनिवासने आपल्या मोबाइलवर गेमच्या त्या इंटरनेटवरच्या दुकानाचे नियम शोधून काढले आणि वाचता वाचता त्याचा आवाज खाली आला. ज्याने इतकी वर्षे त्या दुकानाची बाजू घेतली त्यालाच ते वाचून दाखवावे लागले. खाते ज्याचे त्याचेच. ते विकता येत नाही, देता येत नाही, मृत्युपत्रानेही कुणाच्या नावे करता येत नाही.

रफीक दारात होता. वाद जिंकल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. तो इतकेच म्हणाला, "मैं गलत निकलता तो अच्छा होता."

"आपण त्यांना खरं ते लिहू या," श्रीनिवास म्हणाला. "माणसं वाईट नाहीत. एक गेम खराब निघाला तर न विचारता माझे पैसे परत दिले होते."

"लिहिलं की बंद करतील. कायकू उठाताय झोपलेल्याला?"

"मग काय, तो जिवंत आहे असं दाखवायचं?"

दोघे माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमच्या शास्त्रात काय सांगितलंय?" श्रीनिवासने विचारले.

शास्त्रात अशा दुकानांविषयी काही नाही, हे उघड होते. ठेवीविषयी मात्र पुष्कळ आहे. मी म्हणालो, "गेम कुणाचा, हा निवाडा मी करू शकत नाही. दुकानाचा नियमही मी खोटा म्हणणार नाही. परंतु माझ्यापाशी एक ठेव आहे, आणि ती कुणासाठी ठेवली हे मला ठाऊक आहे. तिने मागितली की देणे एवढाच माझा धर्म." हे बोललो खरे, पण नियमाचे ते वाक्य पुढे बरेच दिवस माझ्या मनात खड्यासारखे टोचत राहिले, आणि अजूनही पूर्ण निघालेले नाही.

पायरीवरून तिचा आवाज आला. "मेंढरं कुनाची ते मेंढरांना इचारा. ज्यो चारतोय त्याची." समईवर पाणी ओतून ती पुढे म्हणाली, "पन मला आता नगं. ऱ्हाऊ द्या गुरुजींपाशी."

आणि ती ठेव माझ्यापाशी राहिली.

वाचकहो, दुसऱ्याची वस्तू जपणे किती कठीण, हे मी आयुष्यभर इतरांना सांगितले. अनुभव मात्र त्या दिवसांत आला. जुन्या विद्यार्थ्यांची नावे मला आठवेनाशी झाली होती. चष्मा हातात असताना मी चष्मा शोधत असे. एका सकाळी स्नान आणि संध्या यांच्यामध्ये त्या पाठातले एक अक्षर नाहीसे झाले. मी तिथवर येई आणि पुढे पोकळी. अर्घ्य देताना पुन्हा पहिल्यापासून म्हटले, तरी तेच. डोळ्यांपुढे सारखा तो हिरवा उतार येत होता, आणि त्यावर काही नव्हते. मग जोड्या म्हणायला लागलो, उलट आणि सुलट, आणि शेजारच्या अक्षराने हरवलेल्याचा हात धरून त्याला परत आणले. त्या दिवशी मी रिक्षा करून कुंभारी गाठली.

तिने गूळपाणी पुढे ठेवले. मी म्हणालो, "मुली, ही ठेव आता तू घे. माझे काही खरे नाही. मी विसरलो तर?"

"विसरला तर विसरला, गुरुजी. मी काय भांडाय येनार न्हाई."

"मला झोप लागत नाही."

"मलाबी न्हाई," ती म्हणाली, आणि पेला उचलून आत गेली. पासवर्ड घेणे म्हणजे नवरा गेला हे कबूल करणे, हे तिने न सांगताही मला कळत होते. मी परत आलो.

उन्हाळ्यात, रस्त्यावर पाऊल ठरत नाही अशा दुपारी, ती श्रीनिवासला घेऊन माझ्या दारात आली. हातात नवऱ्याचा मोबाइल होता. तो तिने रोज चार्ज करून चालू ठेवला होता.

"हे वाचा," ती म्हणाली. "हजर व्हा म्हनत्यात. कुटनं हजर करू?"

ज्याच्या नावावर नंबर आहे त्याने स्वतः येऊन ओळख पटवावी, नाही तर नंबर बंद होईल, असा निरोप मोबाइलवर आला होता. श्रीनिवासने समजावून सांगितले: पासवर्ड बरोबर टाकला तरी ते दुकान खात्री करण्यासाठी याच नंबरवर एक कोड पाठवते. नंबर गेला की पासवर्ड असूनही दार उघडणार नाही. कधीच नाही.

"चला," मी म्हणालो आणि उपरणे घेतले.

रफीकने शटर वर केले. आत धूळ आणि कोंडलेली ऊब. कोपऱ्यातला संगणक सुरू झाला. ती खुर्चीवर बसली, मी शेजारी. तिने बोटे कळांवर ठेवली. "सांगा."

मी एकेक अक्षर सुटे करून सांगितले. तिने दाबले. पडद्यावर तांबडी ओळ आली. चूक.

"पुन्हा चुकलं तर?" तिने विचारले.

"पुष्कळदा चुकलं तर काही वेळ बंद करतात," श्रीनिवास म्हणाला. त्याची नजर मोबाइलवर खिळली होती, जणू तो हातातच विझेल.

मी मनात पुन्हा म्हणून पाहिले. अक्षरे होती, पण सुटी केल्यावर कोणते मोठे, कोणते लहान, याची माझी मलाच खात्री वाटेना. पाठ असा तोडून सांगता येत नाही, हे मी विसरलो होतो. मी म्हणालो, "मुली, मी डोळे मिटून सलग म्हणतो, सावकाश. तू माझ्या हाताकडे पाहा. हात वर गेला की मोठे अक्षर, खाली आला की लहान."

मी मांडी घातली, खुर्चीवरच. आणि म्हणायला लागलो, जसे त्याच्यापुढे म्हटले होते तसे. कळांचा बारीक आवाज माझ्या स्वरामागून येत होता, एक पाऊल मागे ठेवून चालणाऱ्या शिष्यासारखा. पाठ संपला. मी डोळे उघडले नाहीत.

मोबाइल वाजला. श्रीनिवासने कोड वाचून दाखवला.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर ती लांबलचक यादी होती. तिने वरून खाली बोट फिरवले, अगदी त्याच्यासारखे, आणि त्या नावावर थांबवले. थोडा वेळ गेला. मग उतार दिसला, कुंपण, आणि कुंपणाआड मेंढ्या. भुरी होती. काळतोंडी होती. आत्याबाई मागे होती.

"सब हैं ना?" रफीकने दारातून विचारले.

 ती पुढे वाकून पडद्यात पाहत होती. "गव्हाणी भरल्यात," ती म्हणाली.

आम्हाला समजले नाही.

"म्या रिकाम्या ठिवल्या व्हत्या. शेवटचं खेळाय बसले त्या दिशी. उद्याच्याला भरीन म्हनलं, अन् मग पुण्याला जायचं निघालं." तिने कळ दाबून पलीकडची बाजू पाहिली. "सगळ्याच भरल्यात. फाटकबी लावलंय. ह्यांना तर चारा कसा टाकायचा तेबी येत नव्हतं."

पुण्याला निघण्याच्या सकाळी एका बोटाने कळा दाबणारा तो मला आठवला. श्रीनिवास हळू आवाजात म्हणाला की या गेममध्ये कुणी आत नसेल तर काळ पुढे सरकत नाही. तो ज्या क्षणी बाहेर पडला त्याच क्षणी तिथली सकाळ थांबलेली होती. चारा तसाच ताजा होता, आणि त्यानंतर कुणी फाटक उघडले नव्हते.

तिने पदराने तोंड पुसले आणि फाटक उघडले. मेंढ्या मान हलवत उतारावर आल्या.

त्याच दुपारी श्रीनिवासने खात्याला तिचा नंबर जोडला. पासवर्डही बदलून घे आणि नवा मला सांगू नकोस, असा आग्रह मी धरला. ठेव परत केली की सांभाळणाऱ्याने हात धुवावेत. ती आता घरच्या संगणकावर कळप सांभाळते. तो गेम अजून तरी तिच्या यादीत आहे.

दुकानाची जागा दुसऱ्याने घेतली. तो मोबाइलची कव्हरे विकतो, कुलूप लावतो आणि मागे वळून न पाहता निघून जातो. कडुनिंबापाशी माझी पावले क्षणभर अडखळतात, पण परक्याच्या कुलपाला मी हात लावत नाही.

पहाटे ओवरीत बसलो की संध्येनंतर तो पाठ मात्र अजून ओठांवर येतो. हात वर जायचा तिथे वर जातो, खाली यायचा तिथे खाली येतो. त्या अक्षरांनी आता जगातले कोणतेही दार उघडत नाही. पाठ संपला की मी थोडा थांबतो. कुणी विचारत नाही. तरी मी हळूच म्हणतो, "हाय."